मिटल्या डोळ्यांची मग्दालेना

गुरुवारची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की विब्रांडचा उजवा हात मनगटापासून तोडायचा, असं नगरपंचांनी ठरवून टाकलं होतं. आणि मंगळवारी सकाळी, ज्या बाईनं तो हात वाचवायचा होता ती, बेगीन अलेदिस, खिडकीशी बसून वाळके वाटाणे निवडत होती.

मेखेलेन गावावर तीन दिवस धुकं बसलं होतं. डैले नदीच्या पुलावर उभं राहावं तर पाय दिसत, पूल दिसत नसे. घंटा वाजत, पण कुठून ते कळत नसे. माणसं एकमेकांच्या अंगावर आदळत, माफी मागत आणि पुन्हा विरघळून जात.

बेगीन बायकांचं बरं असतं. नवरा नाही, जन्मभराची दीक्षा नाही. आपल्या आळीत राहायचं, आपल्या हातचं खायचं आणि तोंड मिटून असायचं. पैकी तोंड मिटणं अलेदिसला आयुष्यात जमलं नाही. गावात काही हरवलं की लोक कोतवालाकडे जाण्याआधी तिच्याकडे येत, आणि कोतवालाला त्याचा भारी राग होता.

"मावशी, तुम्ही लोकांच्या कोंबड्या शोधून देता," डिग्ना दारातूनच म्हणाली. "माझ्या बाबांचं चित्र शोधून द्या."

"कोंबडी निदान ओरडते तरी," चुलीपासून नेल म्हणाली.

नेल ही अलेदिसच्या घरात राहणारी दुसरी बेगीन. गोल, भाविक आणि विचारांत जरा सावकाश. रविवारी तिच्या करड्या झग्यावर वामाशांचं सगळं कालवण सांडलं होतं, म्हणून ती मेलेल्या बहिणीचा मोहरीसारखा पिवळा झगा घालून वावरत होती आणि लाजेनं मेली मेली होत होती.

डिग्ना बसली. तिशीची बाई, पण त्या सकाळी पन्नाशीची दिसत होती. तिचे बाबा म्हणजे गिलिस मेस्त्री. चित्रकारांच्या संघाची आणि मूर्तिकारांच्या संघाची, दोन्हींची पाटी दारावर लावणारा गावातला एकटा माणूस. कोळीवाड्याच्या चर्चसाठी त्यांच्याकडून एक छोटं चित्र गेलं होतं, म्हणजे जाणार होतं: गुहेत झोपलेली संत मग्दालेना. ईस्टरलाच पुरं झालं होतं, सणाची वाट बघत थांबलं होतं. शनिवारी होतं. सोमवारी नव्हतं.

"कुलूप?"

"जसंच्या तसं. किल्ल्या दोनच. एक बाबांकडे, एक विब्रांडकडे." विब्रांड हा कारखान्यातला कारागीर, फ्रिसलंडचा, तीन वर्षांपूर्वी आलेला. "तो शनिवारी संध्याकाळी गाठोडं घेऊन वेशीबाहेर पडला. सोमवारी दुपारी परतला. कुठं गेला होतास विचारलं तर गप्प. देवाघरची वस्तू म्हणून हात तोडतायत, मावशी."

"चित्र शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी. शनिवारी डावीकडच्या भिंतीला छपरातून पाणी लागलं. मी ते उचलून उजवीकडे कोरड्या जागी टेकवलं, तोंड खोलीकडे करून. सोमवारी जागेवर नाही. रविवारी मिसाहून आले तेव्हा घरभर सरसाचा वास होता एवढंच. कारखान्यात मी डोकावले नाही."

"रविवारी सरस?" नेल दचकली. "रविवारी काम? संघवाले पाटी काढतील!"

"म्हणून तर कोतवालाला बोलले नाही. एखाद्या मूर्तीचा सांधा निखळला असेल, बाबांनी चिकटवला असेल." डिग्नानं डोळे पुसले. "मावशी, त्या हातावर आमचं सगळं घर चाललंय."

एवढं बोलली आणि तिनं ओठ चावला. अलेदिसनं वाटाणे निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

कारखाना नदीकाठी होता. अर्ध्या झडपा लावलेल्या, आत धुक्याएवढाच उजेड. त्या अंधूक जागी गिलिस मेस्त्री बाकावर आडवी टाकलेली लिंडन लाकडाची मूर्ती कोरत बसले होते. छिन्नी अशी चालली होती की लोण्यातून सुरी जावी. दारात पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली.

"या या! अलेदिसबाईंच्या लाकडी बुटांची टकटक, आणि मागून धापा टाकत नेलबाई. दोन करड्या बगळ्या धुक्यातून माझ्या दारी!"

नेलचा चेहरा उजळला. "बघ," ती अलेदिसच्या कानात म्हणाली, "सगळी आळी माझ्या झग्याला हसली, याला मेल्याला काही वाटलं नाही. सभ्य माणूस हो."

मेस्त्रींनी पातळ बिअर ओतली. पेल्याच्या कडेवरून बोट आत टाकून, बोटाला ओलं लागेपर्यंत. नेलनं तो पेला सभ्यपणे खिडकीत ठेवला आणि परत त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"रविवारी काही ऐकलंत?" अलेदिसनं विचारलं.

"काही नाही. पहाटे स्वप्न पडलं तेवढं." छिन्नी थांबली. "माझी हिल्ला आली होती. जाऊन चार वर्षं झाली तिला. ती फळीवर आहे ना, तीच." फळीवर लाकडी डोकं होतं, रंग न दिलेलं, डोळे मिटलेलं. "म्हणाली, गिलिस, गार वाटतंय रे, काहीतरी घाल अंगावर. मग झोप कसली लागतेय? उठलो. विब्रांड गावाला, डिग्ना देवळात. म्हाताऱ्या माणसानं काय करायचं, हात चालवायचे."

"आणि ही मग्दालेना? तिचं तोंडही हिच्यावरूनच?"

"हिच्यावरूनच," मेस्त्री घाईनं म्हणाले. मग भिंतींकडे हात करून अभिमानानं हसले. "माझ्याकडे शिस्त असते, बाई. डावीकडे झालेलं, उजवीकडे व्हायचं. उजवीकडच्या त्या फळ्या बघा. खडू-सरसाचं अस्तर द्यायचं, वाळलं की तासायचं, परत द्यायचं, परत तासायचं. माझी कोरी फळी आणि माझं पुरं झालेलं चित्र, बोटाला दोन्ही सारखीच लागतात. हस्तिदंत! त्या योसला विचारा, त्याच्या फळ्यांवर बटाटे किसता येतील."

इथं मेस्त्रींचं काही चुकलं नाही, आमच्या गावात बटाटा तेव्हा कुणी पाहिला नव्हता, ते म्हणाले होते गाजरं. सांगणाऱ्याची जीभ घसरली, एवढंच.

नेल उजव्या भिंतीपाशी जाऊन पुटपुटत होती. कोऱ्या फळीची तिला भीती वाटे. जिथं कुणी नाही तिथं कुणीही येऊन बसेल, असं तिचं म्हणणं. म्हणून ती एकेका फळीला एकेक 'नमो मारिया' देत चालली होती. सगळ्या झाल्यावर ती परत आली. "सहा झाल्या," ती समाधानानं म्हणाली. "आता भुताला जागा नाही."

अलेदिस स्वतः तिथं वाकली. एका फळीच्या कोपऱ्यात पांढरं अस्तर जाळीसारखं तडकलं होतं आणि कडेला पापुद्रा सुटला होता. बाकीच्या नितळ.

"ओल धरली असेल," डिग्ना म्हणाली. "सुतारानं पाच फळ्या दिल्या त्या उन्हाळ्यात चांगल्या सुकवलेल्या होत्या. पण हे धुकं म्हणजे ना..."

"हे धुकं म्हणजे खरंच," अलेदिस म्हणाली आणि त्या तडकलेल्या कोपऱ्यावरून तिनं बोट फिरवलं. 

विब्रांड बुरुजात होता. दाढीवाला, धिप्पाड, साखळीत बांधलेला. उजवा हात मांडीवर ठेवून तो त्याच्याकडे बघत बसला होता. परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

पहारेकऱ्यानं त्याचं गाठोडं दाखवलं: राय धान्याची शिळी भाकरी, मेणानं तोंड बंद केलेली एक पाण्याची कुपी, आणि शिशाचं एक पदक. पदकावर ताटली, ताटलीत दोन डोळे.

"ओदिलियाच्या झऱ्याचं आहे," नेलनं ओळखलं. "डोळे दुखले की लोक जातात तिथं. काय रे, डोळे आलेत का तुझे?"

"हो," विब्रांड म्हणाला. "थोडेसे."

"मग झऱ्यावर होतो असं सांगून टाक की! तिथला पाद्री साक्ष देईल, सुटशील!"

"मी काही सांगणार नाही, नेलबाई." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "तुमच्या जपमाळेतला शेवटून चौथा मणी चिरलाय. बदलून घ्या, दोरा कापेल."

नेलनं माळ उचलून डोळ्याशी नेली. तिला स्वतःला ती चीर दिसायला खिडकीपाशी जावं लागलं. आणि तो बसला होता भिंतीशी, अंधारात, चार हातांवर.

"हात गेला तर काय करशील रे?" अलेदिसनं विचारलं.

 विब्रांडनं तो हात दुसऱ्या हाताखाली झाकून घेतला.

योस केरब्रूक हा मेस्त्रींचा जुना वैरी, चित्रकार संघाचा प्रमुख. तो सोमवारी सकाळीच मेस्त्रींच्या गल्लीत दिसला होता.

"हो, गेलो होतो," तो तडकला. "चित्र बघायला! चोरायला कशाला? बाई, गिलिसला मी चाळीस वर्षं शिव्या देतोय. तो बुडाला तर मी शिव्या देऊ कुणाला?"

"मग बघायचं काय होतं?"

योस जरा वरमला. "दोन वर्षं मला झोप नाही. म्हाताऱ्याचा हात पासष्टीनंतर तरुण होतो होय? केस बघा, पाणी बघा, एकेक बारीक रेघ! माझी बोटं थरथरतात, आणि हा लेकाचा पापण्या मोजून काढतो. कसा काय? एवढंच बघायचं होतं."

परतताना धुकं इतकं दाट झालं की नेलनं अलेदिसच्या झग्याचं टोक धरलं.

"योसनंच केलं," नेल म्हणाली. "जळतोय बघ नुसता."

"नेल, तू किती 'नमो मारिया' म्हणालीस?"

"सहा. का? जास्त झाल्या?"

"एक जास्त झाली," अलेदिस म्हणाली. पण तिच्या आवाजात आनंद नव्हता. वाटेत ती डिग्नाच्या दारी थांबली. "पोरी, उद्या सगळ्यांना कारखान्यात बोलाव. हात वाचेल. पण दुसरं काहीतरी जाईल. काय, ते तुला माहीत आहे."

डिग्ना चौकटीला धरून उभी राहिली. मग तिनं मान डोलावली.

बुधवारी दुपारी कारखान्यात कोतवाल आला, साखळीसकट विब्रांड आला, नाक वर करून योस आला. मेस्त्री बाकावर बसले होते. नेलनं कोमट पाण्याचं घंगाळ आणि मऊ स्पंज आणला होता. कशाला ते तिला ठाऊक नव्हतं.

"कुलूप तुटलं नाही, कारण चोरी झालीच नाही," अलेदिसनं सुरुवात केली. "चित्र या खोलीतून बाहेर गेलेलं नाही. कोतवालसाहेब, तुमच्या माणसांनी काय शोधलं?"

"चित्र! दुसरं काय शोधणार?"

"तेच चुकलं. सुतारानं पाच फळ्या दिल्या. आमच्या नेलनं काल सहा मोजल्या. सहावीच्या कोपऱ्यात अस्तर तडकलंय. योसबुवा, खडू-सरसाचं अस्तर कशावर धरत नाही?"

"तेलावर," योस पटकन म्हणाला. "शेंबडं पोरही सांगेल. तेलरंगावर पाण्याचं अस्तर कधी..." तो थांबला. त्यानं उजव्या भिंतीकडे पाहिलं. "अरे देवा."

"डिग्नानं शनिवारी चित्र उजवीकडे ठेवलं, व्हायच्या फळ्यांच्या रांगेत, तोंड खोलीकडे. रविवारी पहाटे कुणीतरी सरस तापवला आणि रांगेतल्या सगळ्या फळ्यांवर पांढरा हात फिरवला. सहाव्या फळीसकट. चोर नाही, दरोडा नाही. कामातली एक चूक."

कोतवाल हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "चूक? डोळ्यांदेखत रंगवलेल्या चित्रावर कुणी खडू फासतो? ही चूक नाही, बाई, ही लपवाछपवी. मागाहून धुऊन विकायची. आणि किल्ली होती याच्याकडे."

"मीच फासला," विब्रांड एकदम म्हणाला. "जायच्या आधी. मीच."

"ऐकलंत? कबूल! उद्या हात जाणार."

"शनिवारी संध्याकाळी हा वेशीबाहेर होता, हे तुमच्याच पहारेकऱ्यांनी सांगितलं," अलेदिस म्हणाली. "सरसाचा वास रविवारचा आहे. हा खोटं बोलतोय, साहेब, आणि कुणासाठी बोलतोय ते..."

इथं अलेदिसचं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. ती मेस्त्रींकडे बघत राहिली. हे वाक्य तिनं पुरं करायचं नव्हतं.

 मेस्त्रींची बोटं गुडघ्यावर काहीतरी चाचपत होती, जणू गुडघ्यावर उत्तर कोरलेलं होतं.

"रविवारी," ते हळूच म्हणाले, "एक फळी जरा जास्त गार लागली होती. मला वाटलं, खिडकीजवळची असेल." ते उठले. "तिला गार वाटत होतं, आणि मी तिच्या अंगावर खडू घातला."

"बाबा, नका," डिग्ना म्हणाली.

"गप गं! हात कुणाचा जातोय?" म्हातारा ओरडला. मग आवाज खाली आणून, सरळ कोतवालाच्या बाजूला तोंड करून म्हणाला, "मला दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. उजेड आहे की नाही तेवढं कळतं, बाकी सगळं हेच, बाहेर आहे ना, तसलं धुकं. लाकूड मी बोटांनी कोरतो, त्याला डोळे लागत नाहीत. रंग हा भरतो. हा विब्रांड. मग्दालेना त्याची आहे. पहिल्या रेघेपासून."

योसनं एवढा मोठा श्वास सोडला की दोन वर्षांचा साठवलेला असावा.

"नेल," अलेदिस सावकाश म्हणाली, "तुझा झगा कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळा. का गं?" नेलनं खाली पाहिलं. मग तिनं तोंडावर हात ठेवला. "अगबाई! बगळ्या! आणि ते पेल्यातलं बोट... मी त्याला घाणेरडा म्हणत होते मनात."

"आणि झऱ्याचं पाणी," अलेदिस कोतवालाला म्हणाली. "ज्याला अंधारात मण्यातली चीर दिसते, तो डोळ्यांच्या पाण्यासाठी स्वतःकरता दोन दिवस चालत जात नाही. सांगितलं असतं तर सुटला असता. पण लगेच कुणीतरी विचारलं असतं, पाणी कुणाला? आंधळ्या चित्रकाराची पाटी महिन्याच्या आत उतरते. म्हणून यानं हात द्यायचं ठरवलं."

"मूर्ख," मेस्त्री म्हणाले.  "फ्रिसलंडचा मूर्ख गाढव! पाटी काय, लाकडाची असते. दुसरी कोरता येते. हात कुठून कोरून देणार होतो तुला?"

विब्रांड लहान मुलासारखा रडू लागला.

"हे सगळं तोंडानं झालं," कोतवाल घसा खाकरत म्हणाला. "चित्र कुठंय?"

नेल स्पंज घेऊन पुढे झाली, पण योसनं तो तिच्या हातातून काढून घेतला. "तुमचं काम नाही. घासाल." चाळीस वर्षांचा वैरी बाह्या सरसावून गुडघ्यांवर बसला. त्याची बोटं थरथरत होती, पण स्पंज फळीला लागला तशी थांबली. तो पाणी नुसतं टेकवी, थांबे, उचली. पांढरं पाणी दुधासारखं ओघळू लागलं.

आधी काहीच नव्हतं. मग पांढऱ्यात कुठंतरी तपकिरी सावली आली. ती केस झाली. मग एक कान, गालाची कड, मिटलेली पापणी.  पाणी ओघळे आणि आतून बाई वर येई, तळ्याच्या तळातून यावी तशी, काही घाई नसल्यासारखी. तेलरंगाला ओरखडाही गेला नव्हता.

योस पापण्यांपाशी बराच वेळ थांबला. "कुठं शिकलास रे?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"मेस्त्रींकडे. ते लाकडात कोरून द्यायचे आणि सांगायचे. मी काढायचो."

"सणानंतर संघात ये. नाव लिहून घेतो." मग मेस्त्रींकडे वळून, चिडक्या आवाजात: "चित्रकाराची पाटी उतरवतोय मी तुझी. मूर्तिकाराची राहू दे. तिथं माझं चालत नाही."

"मेल्या, तुझं कुठंच चालत नव्हतं," मेस्त्री म्हणाले.

कोतवालानं साखळी सोडली. ती जमिनीवर पडल्याचा आवाज झाला तसे मेस्त्री हात पुढे करून चालत आले, चाचपत, आता लपवायचं काही नव्हतं. त्यांना विब्रांडचा उजवा हात सापडला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि एकेक बोट, एकेक पेर मोजलं. पाचही होती. तरी त्यांनी पुन्हा मोजलं.

मग ते चित्रापाशी बसले आणि त्यांनी ओल्या फळीवरून तळवा फिरवला. गुळगुळीत. गालावरून, केसांवरून, गुहेवरून, सगळीकडून तसाच गुळगुळीत. लाकडी हिल्ला त्यांना बोटांनी भेटत असे. इथं बोटांना कुणीच लागत नव्हतं.

"डिग्ना," ते म्हणाले, "तू सांग. कशी दिसते?"

डिग्ना त्यांच्याशेजारी टेकली. "दुपारची जेवून आडवी व्हायची ना आई, तशी. एक हात उशाला. केस सुटलेत. तोंड जरासं उघडं आहे."

म्हातारा ऐकत राहिला. धुक्यात कुठंतरी घंटा वाजत होती.

"घोरते का?" त्यानं विचारलं.

डिग्नानं चित्राकडे पाहिलं, मग विब्रांडकडे पाहिलं. त्यानं त्या बाईला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"घोरतेय, बाबा," ती म्हणाली. "चांगली घोरतेय."